बांधावरची रुई

सातबाऱ्यावर आंब्याची नोंद होते, बाभळीची होते, विहिरीची होते. रुईची नोंद कुठल्या तलाठ्यानं केल्याचं मी पाहिलं नाही. तिला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. तरी आमच्या एका बांधाचा इतिहास रुईनं जेवढा नीट सांभाळला, तेवढा सरकारी दप्तरानं सांभाळला नाही. तो सांगताना मलाच मान खाली घालावी लागते. पण आता साठी उलटली, लपवायचं तरी कुणापासून?

आमचं माण म्हणजे सातारा जिल्ह्याचा दुष्काळी कोपरा. १९७२ साली मी अकरा-बारा वर्षांचा होतो. त्या साली बाभळी शेंड्यापर्यंत ओरबाडल्या गेल्या, लोकांनी घराच्या दारातनं जनावरं सोडून दिली. आण्णा आणि आई बंडिंगच्या कामाला जायची. आम्ही पोरं सुकडीच्या आशेनं मागं जायचो. लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, तरी खाल्ली.

चुलत्याच्या आणि आमच्या रानामध्ये आधी नुसती दगडांची ओळ होती. त्या साली तिथं माती-मुरमाचा बांध पडला. इतका रुंद, की डोक्यावर भारा घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या तरी कुणाला खाली उतरावं लागत नव्हतं. आण्णा आणि चुलते दोघांनी मिळून त्या बांधाची माती उचलली होती. एकाच पाटीला दोघांचे हात लागले होते.

पुढच्या साली पाऊस पडला आणि त्या बांधावर पहिली कोण आली असेल तर रुई. ताजी उकरलेली माती, मुरूम, उकिरड्याची कड, रस्त्याची बाजू, जिथं दुसरं काही धरत नाही तिथं ती आधी येते. तिचं बोंड फुटलं की पांढऱ्या रेशमाचा झुपका लावलेलं बी वाऱ्यावर निघतं. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. म्हातारी धरायची आणि फुंकर मारून परत सोडायची, हा आमचा खेळ. ती कुणाच्या रानात उतरेल याचा नेम नाही. मूळ खोल जातं. जाड पानांवर पांढुरकी लव असते, त्यानं उन्हात ओल टिकते. आणि चीक असा कडू जहर, की ७२ सालीसुद्धा उपाशी गुरांनी तिला हात लावला नव्हता.

जुन्या माणसांना मात्र तिचा उपयोग पाठ होता. काटा मोडला की त्या जागी रुईचा चीक लावायचा, काटा वर येतो. गुडघा सुजला की पानाला तेल लावून तव्यावर गरम करून बांधायचं. चीक काढताना आई दर वेळी ओरडायची, “डोळ्याला हात लावू नगंस, डोळा जाईल.” रुईला संस्कृतात अर्क म्हणतात आणि अर्क म्हणजे सूर्यसुद्धा. म्हणून रथसप्तमीच्या अंघोळीला तिची सात पानं. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ. ज्याच्या दोन बायका मेल्या त्यानं तिसरीच्या आधी रुईशी लग्न लावायचं, त्याला अर्कविवाह म्हणत. तिसरेपणाचं जे काय वाईट व्हायचं ते झाडानं सोसावं, असा हिशोब. सुश्रुतसंहितेत तर औषधांचा एक गणच ‘अर्कादि’ नावाचा आहे. सालीचा वाख काढून पूर्वी धनुष्याच्या दोऱ्या आणि मासे धरायची जाळी करत. तिच्या लाकडाचा कोळसा बंदुकीच्या दारूत जात असे. बोंडातल्या रेशमानं उशा भरत. म्हणजे देवाला, वैद्याला, शिकाऱ्याला आणि झोपणाऱ्याला, सगळ्यांना रुई लागत होती. फक्त शेतकऱ्याच्या हिशोबात ती तण.

पण तिचं खरं गणगोत माणसांचं नाही, किड्यांचं आहे. हे मला पोरपणी दिसत होतं, कळलं मात्र फार उशिरा.

पहिला काळा भुंगा. आमचं घर माळवदाचं होतं. तुळईच्या लाकडात भुंगा गोल भोक पाडून राहायचा, खाली पिवळा भुसा पडायचा. तोच भुंगा दिवसा बांधावर रुईच्या फुलांवर गुणगुणत असे. रुईच्या फुलात पराग सुटा मिळत नाही. त्याच्या लहान लहान पुड्या बांधलेल्या असतात आणि त्या फुलाच्या फटीत अडकवलेल्या. मध प्यायला बसलेल्या भुंग्याचा पाय फटीत जातो. तो जोर लावून ओढतो तेव्हा पुडी पायाला चिकटून बाहेर येते आणि पुढच्या फुलात जाऊन बसते. बारीक किड्याला तेवढा जोर नसतो. म्हणून भुंगा आला तर बोंड धरतं. हाच भुंगा पुढं शेवग्याच्या आणि तुरीच्या फुलावर जातो. आमच्या गावात माळवदं गेली, स्लॅब आले. लाकूडच नाही, तर भुंग्यानं राहायचं कुठं?

दुसरं ते तांबूस फुलपाखरू, पंखाची टोकं काळी आणि त्यावर पांढरे ठिपके. त्याला मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात. ते रुईच्या पानाखाली एकेक अंडं घालतं. अळी काळी, पांढरी, पिवळी, पट्ट्यापट्ट्याची आणि अंगावर शिंगांसारखे काळे धागे. तिची अक्कल बघा. पान खाण्याआधी ती पानाची शीर कुरतडते. चीक तिथंच वाहून जातो आणि पुढचा तुकडा निवांत खाता येतो. तरी जे विष पोटात जातं ते ती अंगात साठवते. फुलपाखरू झाल्यावरही ते अंगात राहतं, म्हणून पाखरू त्याला खायला गेलं तर पस्तावतं आणि परत नाद करत नाही. एका दुसऱ्या जातीच्या फुलपाखराच्या अंगात विष नसतं. तर त्याची मादी हुबेहूब कडव्याचा वेष घेऊन हिंडते. गावात पैलवानाच्या नावावर खपणारी माणसं असतात, तसलाच प्रकार.

आणि कडव्याचा नर खुळखुळ्याच्या वाळक्या झाडावर येऊन बसतो. तिथनं जो कडू रस मिळतो त्याचं अत्तर करून तो मादीला भुलवतो. म्हणजे पोराबाळांसाठी रुई, लग्नासाठी खुळखुळा. दोन्ही बांधावरचीच.

तिसरा रुईवरचा रंगीत टोळ, अंगावर पिवळे आणि निळसर पट्टे. त्याचं पिल्लू धरलं तर अंगातनं पाण्याची चिळकांडी उडवतं. चौथा पिवळा मावा. हा मावा बघून मी घाबरायचो, की बांधावरनं हा ज्वारीवर येणार. ते खोटं. तो मावा रुई-कण्हेरीच्या कुळाचाच, तो ज्वारीकडं ढुंकूनही बघत नाही. पण त्याला खायला जे ढालकिडे येतात, ते मात्र पुढं पिकावरचा मावा खायला जातात. म्हणजे मी ज्याला चोर समजत होतो, तो राखणदारांचा खानावळवाला निघाला.

आता माझी गोष्ट. आण्णा आणि चुलते गेले. बांधाच्या अलीकडं मी, पलीकडं चुलतभाऊ नाना. मी बांध कोरायला लागलो. कुणी एका दिवसात बांध खात नाही. दर नांगरटीला एक तास जास्त घ्यायचं, बस. नानाला आमच्यापेक्षा मुलं कमी, बोलणारा गरीब. त्यानं दोनदा विचारलं. मी म्हणालो, “पावसानं ढासळला.” दहा-बारा वर्षांत ज्या बांधावर दोन बाया शेजारनं जात होत्या, तिथं शेळी एका रांगेत जाईना.

पण रुई हटेना. तिची मुळं खाली होती. पेरणी झाली, ज्वारी वीतभर आली, की माझ्या पिकात सरळ रेषेत रुईचे फुटवे वर यायचे. इथं बांध होता, इथवर होता, असं दर साली सगळ्या गावाला दाखवायचे. मी उपटले, नांगरले, खणले. तुटलेल्या मुळावर परत फुटवा. नाना आपल्या बाजूनं उभा राहून बघायचा आणि काही बोलायचा नाही. त्याच्या न बोलण्यानं मला जास्त राग यायचा.

मग तणनाशक आलं. खुरपायला बाया मिळत नव्हत्या, हे खरं. पण मी पहिली बाटली आणली ती खुरपणीसाठी नाही. दुकानदार म्हणाला, पानावर मारलं की मुळापर्यंत उतरतं. रुईच्या जाड पानांवर पहिल्यांदा नीट बसलं नाही. म्हणून फुटवे छाटून ताज्या कापावर ब्रशनं लावलं. एकेका बुंध्याला, एका सकाळी, नाना बाजाराला गेला होता तेव्हा. पुढच्या साली ज्वारीत एकही फुटवा आला नाही. साक्षीदार मेला. मला वाटलं, सुटलो.

पुढं एका लेखात अमेरिकेची हकिगत वाचली. तिथं आपल्या रुईच्या कुळातलं मिल्कवीड आहे आणि आपल्या कडव्याचा सख्खा भाऊ म्हणावा असं मोनार्क फुलपाखरू. ते मिल्कवीडशिवाय दुसऱ्या झाडावर अंडी घालत नाही आणि थंडीत हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरात जातं. त्या डोंगरातली जागा शास्त्रज्ञांना १९७५ साली सापडली. दुसऱ्या महायुद्धात जपाननं जावा घेतलं, तिथनं येणारा सावरीचा कापूस बंद झाला. तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनी मिल्कवीडची बोंडं गोळा केली. त्या रेशमानं नाविकांची जीवरक्षक जाकिटं भरली. दोन पोती बोंडं म्हणजे एक जाकीट, एक जीव. आमच्या म्हातारीच्या बहिणीनं असे जीव वाचवले होते.

त्याच देशात १९९६ पासून तणनाशक सोसणारं सोयाबीन आणि मागनं मका आला. शेतातलं सगळं तण मारता यायला लागलं. १९९९ ते २०१० या काळात मधल्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यातलं मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटलं, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज. मेक्सिकोत १९९६-९७ च्या थंडीत मोनार्कनं १८ हेक्टर जंगल झाकलं होतं, ते २०१३-१४ ला ०.६७ हेक्टरवर आलं. म्हणजे दोन एकरसुद्धा नाही. जंगलतोड आणि हवामान हीही कारणं आहेत, पण मिल्कवीड जाणं हे मोठं. आता तिथले लोक परसात, रस्त्याकडेला ते मुद्दाम लावतात.

आपली रुई तेवढी अडचणीत नाही. रस्त्याकडेला, माळावर अजून आहे. पण शिवारातनं, बांधावरनं ती जाते आहे. आणि भुंगा, ढालकिडा यांचं शिवाराशी जे नातं, ते बांधावरनंच जातं. रस्ता रुंद झाला की रस्त्याकडेचीही जाते. पांढरी रुई तर मुळात गणपती सापडतो म्हणून लोक उकरून नेतात.

चार-पाच वर्षांमागं औषधाचा खर्च झेपेना म्हणून मी दशपर्णी अर्क करायला घेतला. कडुनिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, सगळं मिळालं. रुईचा पाला पाहिजे होता. माझ्या रानात पान नाही. नानाच्या बाजूला बांधाची जी कड उरली होती, तिच्यावर दहा-बारा झुडपं होती. विळा घेऊन त्याच्या दारात गेलो. कशासाठी आलो ते सांगितलं. नाना म्हणाला, “घे की. इचारतोस कशापायी? तुझ्या-माझ्या बापानं घातल्याला बांध हाय त्यो.”

मी पाला तोडत होतो तेव्हा एका पानाखाली कडव्याची अळी होती. ते पान ठेवलं.

त्या उन्हाळ्यात मी स्वतः मोजणीचे पैसे भरले. मोजणीत जे निघालं ते मला आधीच माहीत होतं. चार हात जागा सोडली, दोघांनी मिळून माती ओढली. आता आमचे हात थकलेत, म्हणून ट्रॅक्टर लावला. रुई लावायची गरज पडली नाही. पहिल्याच पावसानंतर नानाच्या झुडपांची म्हातारी उडून आली. आता गुडघ्याएवढी झाली आहे. शनिवारी गावातली बाई मारुतीच्या माळेसाठी तिथनं पानं नेते. तिला एवढंच सांगतो, अळी असलेलं पान सोड.