घरच्या धंद्याची पळवाट

बालमजुरीबंदीचा इतिहास आपल्याला सरकारच्या कनवाळूपणाची गोष्ट म्हणून शिकवला जातो. आम्हाला तो तसा दिसत नाही. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या पोराला गिरणीत नऊ तास राबवायची मुभाच दिली होती! सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून मागण्या लावून धरल्या. 1891 मध्ये किमान वय नऊ झाले, मुलांचे तास सात. (मुंबईचे स्वस्त श्रम लँकशायरच्या मालकांनाही खुपत होते, हेही विसरू नये.)

पुढे संविधानाच्या कलम 24 ने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांतून बाहेर काढले. 2016 च्या दुरुस्तीने ही बंदी सर्व कामांना लागू केली, पण एक दार उघडे ठेवले: शाळेनंतर आणि सुटीत मुलाने बिनधोक्याच्या घरच्या धंद्यात 'मदत' करावी.

घरचा धंदा म्हणजे काय, हे आम्ही सांगायला हवे? कुणाच्या घरी दुकानाचा गल्ला, कुणाच्या घरी केरसुण्या आणि टोपल्या. धंदा कुवतीवरून नव्हे, जन्मावरून ठरतो, हाच तर बाबासाहेबांचा जातीवर आक्षेप होता.

चौदा ते अठरा वयाच्या मुलांना कामावर ठेवणाऱ्या मालकाला निदान नियम आहेत: विश्रांती धरून सहा तास, संध्याकाळी सातनंतर काम नाही, आठवड्याची सुटी, नोंदवही. ती वही मागता येते. घरात टोपली विणणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीचे तास कोणत्या वहीत लिहिले जातात?