उमेदवारी कोणाच्या वाट्याला?

इंटर्नशिप हा शब्द नवा आहे, गोष्ट जुनीच. आपल्याकडे तिला उमेदवारी म्हणत. वकिलाच्या हाताखाली, पेढीवर, छापखान्यात आधी काम पाहायचे, मग शिकायचे, मग कमवायचे. इंटर्नशिपने कौशल्य येते, ओळखी होतात, नोकरी मिळणे सोपे जाते, असे कॉलेजात सांगतात. ते खरेच आहे. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: हाताखाली घेणार कोण आणि कोणाला?

मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यातली मजुरी चांगली होती, पण अस्पृश्य कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई! ज्याला साच्याजवळ उभेच राहू दिले नाही तो विणकाम शिकणार कुठे? 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी पुढे रेटली. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ती फारशी रुचली नव्हती, हेही सांगून टाकतो.

खुद्द बाबासाहेबही उमेदवार होते. 1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस बडोद्याच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी करत होता. काम होते, पदवी होती, महाराजांचा आश्रय होता. नव्हती ती राहायला खोली. पारशी पथिकाश्रमात ते नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि उमेदवारी तिथेच संपली.

म्हणूनच 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्यांबरोबर आणखी एक मागणी होती: सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या. पुढच्याच वर्षी केंद्राच्या नोकऱ्यांत 8.33 टक्के राखीव जागा मिळाल्या. त्या आपल्याला पाठ आहेत. शिकाऊ जागांची मागणी मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येते.

1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा झाला आणि 1973 च्या दुरुस्तीने त्यात कलम 3-अ आले: ठरावीक व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींना शिकाऊ जागा राखीव. पण खासगी कंपनी आपल्या मर्जीने जी इंटर्नशिप देते, ती या करारात बसतच नाही. तिथे चालते ती ओळख. कोणाचा मामा मॅनेजर, कोणाची बहीण एचआरमध्ये.

रिहे गावापासून हिंजवडीचे आयटी पार्क फार लांब नाही, दोन्ही मुळशी तालुक्यातच. रिह्यातल्या वस्तीवरच्या पदवीधराला तिथे सुरक्षारक्षकाचे काम ओळखीशिवाय मिळते. इंटर्नशिपसाठी मात्र ‘कोणाचा रेफरन्स आहे?’ असे विचारतात. आणि मराठवाड्यातून आलेल्या मुलीचे काय? तिला बिनपगारी सहा महिने परवडणार कसे? राज्य सरकारच्या 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरले. त्यातून पुण्यातले खोलीभाडे आणि मेसचे पैसे वजा केले की हातात काय राहते, हे वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत अडकलेल्या कोणत्याही साथीला विचारा.