थोड्या पैशांचा डाव: पावसाच्या पैजेपासून मोबाइलवरच्या पोकरपर्यंत

(शनिशिंगणापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय जुगाराचा आहे. जुगार वाईट, हे तुम्हाला सांगायला मी आलेलो नाही, ते घरोघरी सांगून झालंय. मला एक प्रश्न इतिहासातून तपासायचा आहे. कमी पैसे लावले, ते शिस्तीनं सांभाळले, तर माणूस वाचतो का? मोबाइलवर पोकर खेळणारी पोरं याला 'बँकरोल सांभाळणं' म्हणतात. आपण त्याला 'खेळायचं भांडवल' म्हणू.

हा विषय आपल्या तालुक्याला नवा नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, इथून जवळ नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती मोजतात. तिथं छळ करणाऱ्यांमध्ये 'द्यूत मी' असं येतं. म्हणजे जुगाराची गणती कशात होते ते बघा. खेळात नाही, फसवणुकीत! त्याच्याही कितीतरी आधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात जुगाऱ्याचं एक अख्खं सूक्त आहे. फासे, कर्ज, उद्ध्वस्त घर, सगळं त्यात आहे.

पण थोड्या पैशांचा, रोजचा, बाजारी जुगार ही तशी अलीकडची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळबादेवी-पायधुणी भागात पावसावर पैजा लागत. अमुक वेळेत पाऊस पडेल का, छपराच्या पन्हाळीतून पाणी वाहील का. सरकारनं १८८७ मध्ये मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा केला. मग पावसाचं काय, तो तर देवाचा! शेवटी दुरुस्ती करून पावसावरची पैजही कायद्यात आणावी लागली. याच कायद्यात एक खिडकी उघडी राहिली होती. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही. ही खिडकी लक्षात ठेवा, पुढं ती फार मोठी होते.

नंतर आला कापसाचा आकडा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला आणि किती बंद झाला, हे तारेनं मुंबईला कळायचं. लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं. आता धंदा बंद पडायला हवा होता, नाही का? १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका सुरू झाला, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा. कापूस गेला, मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठ्या गेल्या, पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा घ्यायचा. आकडा कुठून येतो याच्याशी खेळणाऱ्याला देणंघेणं नव्हतंच. त्याला फक्त आकडा हवा होता.

मटका पसरला तो गिरणगावात. बुकी गिरण्यांच्या आसपास बसायचे आणि सुट्टे पैसेही घ्यायचे. इथं थोडा हिशेब करू. एकेरी आकडा लागण्याची शक्यता दहात एक. लागला तर साधारण रुपयाला नऊ मिळायचे. जोडी लागण्याची शक्यता शंभरात एक, मिळायचे साधारण नव्वद. म्हणजे दर रुपयामागे दहा पैसे बुकीकडे राहणार. एका दिवसाला दहा पैसे काहीच नाहीत. पण रोज दहा रुपये लावणाऱ्याचे वर्षाला ३,६५० लागतात, आणि त्यातले सरासरी ३६५ कायमचे जातात. आकडा मधूनमधून लागतो म्हणून तर हे कळत नाही. तो कधीच लागला नसता, तर माणूस महिन्याभरात उठून गेला असता.

आता पोकरकडे येऊ. इथं खेळणारा म्हणतो, "सर, मटका नशिबाचा, पोकर कौशल्याचा." त्याचं अगदीच चुकीचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं. पोकरबद्दल मात्र न्यायालयांचं एकमत नव्हतं. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं त्याला जुगारच ठरवलं. ही जी खिडकी होती, तिच्यातून २०११ नंतर आपल्याकडे पोकरच्या साइट आल्या. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे भरणं चहा सांगण्याइतकं सोपं झालं.

या खेळाडूंचा नियम असा. एक-दोन रुपयांच्या टेबलावर बसायचं तर दोनशे रुपये घेऊन बसायचं आणि असे किमान वीस डाव गाठीला हवेत, म्हणजे चार हजार. त्यातून उत्पन्न वाढलं तरच मोठ्या टेबलावर जायचं, घटलं तर खाली यायचं. या नियमामागं खरं गणित आहे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी पत्रांतून जुगाराचं गणित मांडायला सुरुवात केली, त्याच परंपरेतलं.

समजा, दर डावात तुमची जिंकायची शक्यता ५१ टक्के आहे. गाठीला वीस डावांपुरते पैसे असतील, तर खेळत राहिल्यास कधी ना कधी कफल्लक होण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के. शंभर डावांपुरते असतील तर ती दोन टक्क्यांवर येते. म्हणजे शिस्तीचा फायदा आहे, आणि मोठा आहे. पण ५१ च्या जागी ४९ करा. मग वीस घ्या, शंभर घ्या, हजार घ्या, खेळत राहिलात तर शेवट एकच. भांडवल सांभाळल्यानं फक्त वेळ लांबतो.

मग आपण ५१ मध्ये की ४९ मध्ये? पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून 'नाल' काढतो, तसं साइटवाला प्रत्येक डावातून काढतो. टेबलावर सहा जण बसले, तर सहाही जण मिळून जेवढे आणतात त्याहून कमी घेऊन उठतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. कर आत धरून हिशेब केला तर चार हजारांतले ३,१२५ खेळायला आणि ८७५ कराला. कंपन्यांनी बोनस देऊन काही काळ ते झाकलं, हा भाग वेगळा. पण पहिला पत्ता पडायच्या आत पाचवा हिस्सा गेला, तर कौशल्य तरी किती पुरणार?

इथं शनिदेवाच्या गावात एक गोष्ट बोललीच पाहिजे. हरण्याची रांग लागली की पोरगं म्हणतं, "साडेसाती चालू आहे, ती संपली की वसूल होईल." श्रद्धा ज्याची त्याची, तिला मी हात लावत नाही. पण नाणं शंभर वेळा उडवा. मध्ये कुठंतरी सलग पाच वेळा हरण्याची शक्यता सुमारे ८० टक्के आहे. म्हणजे ते होणारच. त्यात ग्रहाचा दोष नाही आणि पुढच्या डावावर ग्रहाचं देणंही नाही.

आणखी एक. शिस्त पाळून जिंकणारे नव्हते का? होते. अमेरिकेचा क्रिस फर्ग्युसन. २००६ मध्ये त्यानं शून्यापासून सुरुवात केली, फुकटच्या स्पर्धांतून. एका टेबलावर एकूण भांडवलाच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही, मोठ्या स्पर्धेत दोन टक्क्यांहून जास्त नाही. साधारण दीड वर्षात दहा हजार डॉलर केले. जगभरच्या पोरांनी ते नियम वहीत लिहून घेतले. पण तो जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी होता, आणि ज्या साइटवर खेळला त्या फुल टिल्टच्या मालकांपैकीही होता.

१५ एप्रिल २०११ ला अमेरिकन सरकारनं त्या साइटवर कारवाई केली. तेव्हा बाहेर आलं की खेळाडूंचं देणं सुमारे ३९ कोटी डॉलर आणि बँकेत शिल्लक सुमारे सहा कोटी. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं. आता गंमत बघा. त्याच वर्षी, जानेवारी २०११ मध्ये, आपल्या शिंगणापुरात यूको बँकेनं कुलूप नसलेली शाखा उघडली, देशभर बातमी झाली. इथं कुलूप नाही आणि पैसे जागेवर. तिथं प्रत्येकाच्या खात्याला पासवर्ड आणि आत पैसेच नाहीत! पाच टक्क्यांचा नियम काटेकोर पाळणाऱ्याचंही शंभर टक्के भांडवल शेवटी दुसऱ्याच्या हातात होतं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. १८८७ ची ती खिडकी ऑनलाइन खेळांपुरती लावून घेतली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आहे. त्या वेळी सरकारचा अंदाज आला होता की वर्षाला ४५ कोटी लोक मिळून सुमारे २० हजार कोटी घालवतात. भागून बघा, माणशी साडेचारशे रुपयेही होत नाहीत. थोड्या पैशांचं हेच तर आहे! सरासरी बघाल तर कुणाचंच काही गेलेलं दिसत नाही. पण सरासरी कुणाच्या घरी राहत नाही. बहुतेकांचे पन्नास-शंभर जातात, आणि एखाद्याचं ट्रॅक्टरच्या हप्त्याचं, बहिणीच्या लग्नाचं, वर कर्जाच्या ॲपचं.

इतिहास मात्र मला सावध करतो. १९६१ ला आकडा बंद झाला, १९६२ ला मडकं आलं. उद्या परदेशातली साइट येईल, टेलिग्रामवरचा ग्रुप येईल. तिथं तर तक्रार करायलाही जागा नाही. म्हणून कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, घरात हिशेब बोला. पोरगं हरलं तर पहिल्यांदा ओरडू नका. ओरडलात की ते पुढच्या वेळी सांगत नाही, ॲपवरून कर्ज काढतं. त्याला एकच विचारा, "नाल कोण काढतं?"

आणि शेवटचं. थोडे पैसे कमकुवत असतात असं नाही. याच जिल्ह्यात १९५० च्या सुमारास प्रवरेला शेतकऱ्यांनी थोडेथोडे शेअर भरले आणि विठ्ठलराव विखे पाटलांच्या, धनंजयराव गाडगिळांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आज तुमच्या बचत गटातल्या बाया महिन्याला शंभर-दोनशेच भरतात. पैसे तेवढेच, माणसंही तीच. फरक एवढाच की तिथं नाल काढणारा कुणी नसतो, आणि वही सगळ्यांसमोर उघडी असते.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.