स्त्रीधन आणि काष्टीचा बाजार

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार नगर जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. तेथें बैलजोडी घ्यावयास निघालेल्या श्रीगोंदें तालुक्यांतील एखाद्या शेतकऱ्यास रक्कम अपुरी पडली, व बायकोच्या पाटल्या मोडून त्यानें ती पुरी केली, अशी कल्पना वाचकांनीं करावी. (तीस फारसे श्रम पडूं नयेत!) आतां त्या पाटल्यांचें देणें कोणाकडे? घरांत हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. धर्मशास्त्रानें मात्र तो फार पूर्वीं विचारलेला आहे, आणि त्याचें उत्तर पुष्कळांस वाटतें तसें नवऱ्याच्या सोयीचें नाहीं.

घेतलेलें स्त्रीधन परत न करण्याची मोकळीक याज्ञवल्क्यानें पतीस चारच प्रसंगीं दिली आहे: दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदीवास. बैलखरेदी यांत बसत नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर तर स्पष्टच सांगतो कीं, अन्य कारणानें घेतलेलें परत द्यावें, आणि स्त्री हयात असतां पतीवांचून दुसऱ्या कोणाही दायादानें त्यास हात लावूं नये. वारशानें, खरेदीनें किंवा वांटणींत स्त्रीला मिळालेलेंही तो स्त्रीधनांतच गणतो. ही व्याख्या पुढें प्रिव्ही कौन्सिलनें आंखूड केली.

नगर, पुणें व खानदेश या प्रांतीं मिताक्षरेच्या जोडीला नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख बरोबरीचा मानला जात असे. हा नीलकंठ सतराव्या शतकांत काशीस राहिला, पण घराणें मूळचें पैठणचें. मुंबई इलाख्यांत कन्येस बापाकडून आलेली मिळकत पूर्ण मालकीची ठरे. तीच स्त्री विधवा झाली म्हणजे पतीच्या मिळकतीचा केवळ हयातीपुरता उपभोग तिला मिळे. एकाच बाईची ही दोन रूपें आम्हांस नेहमीं विचित्र वाटत आलीं आहेत.

इंग्लंडांत विवाहितेस स्वतंत्र मालकी खऱ्या अर्थानें १८८२ च्या कायद्यानें मिळाली. यावरून आपल्या प्राचीनत्वाची फुशारकी मारण्यास मात्र आम्ही तयार नाहीं. कात्यायनानें स्त्रीच्या कलाकौशल्याच्या कमाईवर पतीचें स्वामित्व सांगितलें आहे. म्हणजे दिलेलें तिचें, मिळविलेलें त्याचें! हा भेद मोडावयास १९५६ चें साल उजाडलें. त्या वर्षीच्या वारसा कायद्याच्या १४ व्या कलमानें हिंदु स्त्रीच्या ताब्यांतील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्त्रीधन पतीकडे केवळ विश्वासानें ठेवलेलें असतें, असा निर्णय दिला.

तरीही स्वतंत्र मालकीचा नियम दोन्ही बाजूंनीं कापतो. गोव्यांत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळें, विवाहापूर्वीं वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मिळकत समाईक होते व प्रत्येकाचा निम्मा वांटा ठरतो. आमच्याकडे जें ज्याच्या नांवावर तें त्याचें. आणि घोड-भीमेच्या कांठचें शेत बहुधा नवऱ्याच्या नांवावर असतें. त्यांत जन्मभर खुरपणाऱ्या बाईस त्या श्रमापोटीं वांटा मागतां येत नाहीं. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें १९८९ च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हांक दिली, ती नेमकी या जागीं. पुरुषांनीं आपण होऊन बायकोच्या नांवें जमीन करून द्यावी, एवढेंच तिचें मागणें होतें; आणि कायद्याची कसलीही सक्ती नसतां महाराष्ट्रांतील अनेक गांवच्या शेतकऱ्यांनीं तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर बायकोचें नांव चढवून घेतलें.