चारशे यार्डांची कोंडी

चारशे यार्ड म्हणजे काही मोठे अंतर नव्हे. विडा तोंडात टाकून निघावे आणि तो रंगण्याच्या आत पोचावे, इतकेच. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यात एवढेच अंतर. दोन्हीकडचे संगणक जाळ्याने जोडलेले होते आणि सेकंदाला ३२,००० बिट या वेगाने मजकूर ये-जा करी. १९८६ च्या ऑक्टोबरात हा वेग एकाएकी ४० बिटांवर आला! ४० बिट म्हणजे इंग्रजी पाच अक्षरे.

तार तुटली नव्हती, यंत्र मोडले नव्हते. मग झाले काय?

संगणकाचा मजकूर तारेवरून सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येकावर पत्ता घालतात. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनल्ड डेव्हिस या दोघांना ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात स्वतंत्रपणे सुचली. डेव्हिस यांनी तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव दिले. आपण खुशाल पाकीट म्हणावे. वर पत्ता आहे, आत मजकूर आहे, आणखी काय हवे? वाटेत ठिकठिकाणी स्विचिंगची यंत्रे बसवलेली असतात. पाकीट आले की पत्ता वाचायचा, कोणत्या तारेने पुढे धाडायचे ते ठरवायचे, तार मोकळी नसेल तर रांगेत ठेवायचे, हे त्यांचे काम. पण रांगेलाही मर्यादा असते. ती भरली की नवे आलेले पाकीट यंत्र सरळ टाकून देते. आपल्या पोस्टमनने असे केले तर आपण त्याला जन्मभर क्षमा करणार नाही. येथे मात्र तो रिवाजच! पोच आली नाही की पाठवणारा संगणक तेच पाकीट पुन्हा धाडतो.

घात नेमका येथेच होता. गर्दीने रांग लांबली, पोचेला उशीर झाला. पाठवणाऱ्याला वाटले, पाकीट हरवले. पहिले वाटेतच असताना त्याने दुसरे सोडले. साऱ्यांनीच असे केल्यावर तारा भरून वाहू लागल्या, पण त्याच त्या मजकुराच्या प्रतींनी! जॉन नेगल यांनी १९८४ सालीच हा धोका लिहून ठेवला होता. परंतु तहान लागल्याखेरीज विहीर खणायची नाही, हा शिरस्ता साऱ्या जगाचा.

त्या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स यांच्या साहाय्याने तोड काढली आणि १९८८ साली ती प्रसिद्ध झाली. वाटेतल्या यंत्रांना त्यांनी हात लावला नाही. शिस्त लावली ती पाठवणाऱ्याला. आरंभी एकच पाकीट, पोच आली की दोन, मग चार. एखादे हरवले, तर पुढे गर्दी आहे असे समजून हात एकदम आखडायचा, आणि मग बेताबेताने सैल सोडायचा. कोणी हुकूम करणारा नाही, चौकात शिट्टी फुंकणारा नाही. ज्याने त्याने आपणहून थांबायचे. मला तर यंत्रापेक्षा या विश्वासाचेच नवल वाटते.

यंत्रांची पाळी पुढे आली. १९९३ साली सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी सुचवले की, रांग पुरती भरेपर्यंत वाट पाहूच नये. ती वाढू लागली की मधूनच एखादे पाकीट, जणू चिठ्ठी काढून, टाकून द्यावे. म्हणजे पाठवणारा वेळीच सावध होईल. ज्याची पाकिटे अधिक, त्याचीच चिठ्ठी निघण्याचा संभव अधिक.