भीमाशंकरावरील घंटा व वसईचीं ख्रिस्तमंदिरें

मुरबाड तालुक्याच्या आग्नेयेस, सह्याद्रीच्या माथ्यावर, श्रीभीमाशंकराचें स्थान आहे. तेथें शनीच्या लहानशा देवळापुढें एक मोठी घंटा टांगलेली असून ती मूळची ख्रिस्तमंदिराची होय, हें तिच्या घडणीवरून उघड आहे. चिमाजीअप्पांनीं वसई जिंकल्यावर ती देवास अर्पण केली, अशी सर्वश्रुत आख्यायिका आहे. या आख्यायिकेस प्रमाण किती, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम मूळ वास्तूंकडे वळूं. इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. पुढें कोटाच्या आंत फ्रान्सिस्कन, जेझुइट व डोमिनिकन पंथीयांचीं मंदिरें व मठ उठले. जेझुइटांच्या मंदिराचें दर्शनी द्वार कोरीव स्तंभांनीं मंडित आहे. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरांत जमिनीवर सरदार घराण्यांचे थडग्यांचे लेख आहेत. संत जोसेफाच्या मुख्य मंदिराचा उंच मनोरा अद्यापि दुरून दिसतो. इ. स. १६०१ मध्यें, आलेशु द मेनेझिस हे आर्चबिशप असतां, या मंदिराचा जीर्णोद्धार झाल्याचा लेख तेथें मिळाला. जेर्सन द कुन्हा यांनीं १८७६ च्या आपल्या ग्रंथांत तो दिला आहे. लांकडी छपरें गेलीं, दगड व चुना तेवढा राहिला. आणि मनोरे रिकामे झाले.

आतां घंटांविषयीं. ख्रिस्तमंदिरांतील घंटा मनोऱ्यावर राहून गांवास प्रार्थनेस बोलावते. आपल्या देवळांतील घंटा दर्शनास आलेला भक्त स्वतः वाजवितो. म्हणून ही घंटा हिंदु देवालयांत आली तेव्हां तिला खालीं, हाताच्या अंतरावर, नवी जागा करावी लागली. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर तिच्यासाठीं स्वतंत्र लहान दगडी घरच बांधलें आहे. त्या घंटेवर १७०७ हें वर्ष व बालयेशूसह मेरीची आकृति आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हें वर्ष आहे.

येथें एक अडचण उपस्थित होते. वसई इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत पडली आणि चिमाजीअप्पा १७४० च्या डिसेंबरांत वारले. नारोशंकराचें देऊळ मात्र १७४७ चें आहे. आणि मेणवलीचा घाट बांधविणारे नाना फडणीस यांचा जन्मच १७४२ चा. अर्थात् या दोन घंटा आज जेथें आहेत तेथें अप्पांनीं स्वहस्तें अर्पण केल्या, हें संभवत नाहीं. मधल्या वर्षांत त्या कोठें होत्या? शिवाय ही मोहीम १७३७ पासून साष्टी, ठाणें, माहीम, तारापूर इत्यादि अनेक स्थळीं चालली व त्या मुलुखांतहि ख्रिस्तमंदिरें होतीं. तेव्हां प्रत्येक घंटेस 'वसईची' म्हणणें हें प्रमाण नव्हे, सवय होय. घंटेवरील वर्ष ओतणीचें असतें, विजयाचें नव्हे. त्यावरून ती लढाईपूर्वीची एवढेंच ठरतें. ती कोणत्या मंदिराची हें संताच्या नांवावरून अगर लेखावरून ठरावयाचें.

भीमाशंकराच्या घंटेसहि हाच न्याय लावावा. तेथील शिखर नाना फडणीसांनीं बांधविलें असें सांगतात. तेव्हां घंटेची आजची जागा अप्पांच्या काळचीच, असें गृहीत धरतां येत नाहीं. अर्पण अप्पांचें असूं शकेल. आम्ही आख्यायिका खोटी म्हणत नाहीं, ती असिद्ध आहे इतकेंच म्हणतों.

सिद्धीचें साधन दोन ठिकाणीं आहे. एक, मोडी कागद. सरदेसाई यांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या १६ व्या खंडांत या मोहिमेचीं पत्रें आहेत; परंतु घंटा उतरविणें, वाहून नेणें व टांगणें यांचा खर्च देवस्थानांच्या व सरदार घराण्यांच्या जमाखर्चांत शोधला पाहिजे. दुसरें, खुद्द घंटांवरील अक्षरें. श्रद्धेनें दिलेले रंगाचे थर व रोजचें घासणें यांनीं अशीं अक्षरें हळूहळू बुजतात. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते प्रसिद्ध करावे. आणि ज्यांच्या गांवीं अशी घंटा असेल त्यांनीं, पुजाऱ्यांची अनुमति घेऊन, तिच्या अक्षरांचा ठसा आजच घ्यावा. देवळाची घंटा देवळांतच राहो. तिच्या पहिल्या घराचें नांव मात्र नष्ट होऊं नये, एवढीच आमची विनंती आहे.