हाताचे कसब आणि सरकारी मागणी

अंबरनाथ पूर्वेहून पहाटेच्या लोकलने निघावे, वाटेत गाडी बदलून हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोडला उतरावे आणि माझगावच्या गोदीत दिवसभर राबावे, असे आयुष्य काढलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या घरची चूल ज्या कामावर पेटते, ते काम बाजारात नव्हे, तर सरकारदरबारी ठरते. मुंबईच्या युद्धनौका-बांधणीचा इतिहास याची साक्ष देतो.

१७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिरास मुंबईस आणले. त्यांच्या वंशजांनी सागवानी लाकडाची लढाऊ जहाजे ब्रिटिश नौदलास बांधून दिली. १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. परंतु पुढे लोखंड आणि वाफ आली, मागणी इंग्लंडच्या कारखान्यांकडे वळली आणि मुंबईच्या सुतारांचे पिढीजात कसब मागे पडले.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९६० साली, केंद्र सरकारने माझगाव डॉक ताब्यात घेतला. येथे बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट १९७२ साली नौदलात दाखल झाली. १९८१ पर्यंत त्याच जातीच्या सहा नौका येथून बाहेर पडल्या. एका नौकेमागून दुसरीचे काम मिळत गेले, म्हणूनच उमेदवार मुलगा जुन्या जोडाऱ्याच्या हाताखाली तयार होऊ शकला.

पाणबुडीची कथा मात्र निराळी आहे. १९८१ साली पश्चिम जर्मनीतील एचडीडब्ल्यू या कंपनीशी करार झाला आणि आपले कामगार जर्मनीत जाऊन शिकून आले. पाणबुडीच्या कवचावर समुद्राचा प्रचंड दाब येत असल्याने तिचा प्रत्येक सांधा निर्दोष असावा लागतो. असा वेल्डर वर्षांच्या सरावानेच घडतो. ‘शाल्की’ १९९२ साली व ‘शंकुल’ १९९४ साली नौदलात दाखल झाली. पण १९८७ साली या व्यवहारात दलालीचे आरोप झाले होते आणि पुढील पाणबुड्यांचे काम मिळालेच नाही. फ्रेंच बनावटीच्या सहा पाणबुड्यांचा करार झाला तो थेट २००५ साली. तोवर शिकलेले हात दुसऱ्या कामांत विखुरले, कित्येक निवृत्त झाले. नव्यांना पुन्हा आरंभापासून शिकवावे लागले. त्यांतील पहिली ‘कलवरी’ २०१७ साली नौदलात आली आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. त्याच दिवशी नव्या ‘निलगिरी’नेही जुन्या नौकेचे नाव पुढे चालविले.

नौकेचे नाव पुन्हा देता येते, कसब तसे देता येत नाही. गैरव्यवहाराची चौकशी अवश्य व्हावी, दोषींना शासनही व्हावे. परंतु दलालीत ज्याचा हात नव्हता, त्या कामगाराने तिची किंमत का मोजावी? क्रेन आणि गोदी वर्षानुवर्षे उभ्या राहतात. कामाविना राहिलेला हात मात्र विसरतो, आणि त्याच्यापाशी शिकावयास कोणी उरत नाही. सरकार जेव्हा नौकांची संख्या ठरविते, तेव्हा त्या हातांचाही हिशेब मांडावा, एवढेच आमचे मागणे आहे.